रानचुक्याचं पान, मूळ आणि बी: काय खावं, काय सोडावं

मंडईत आंबट चुक्याची जुडी दिसली की ती पिशवीत टाकताना आपण फार विचार करत नाही. डाळ-दाणे घालून केलेली पातळ भाजी, गुळाचा खडा, वरून लसणीची चरचरीत फोडणी, एवढं घराघरात ठाऊक असतं. प्रश्न पडतो तो चुक्याच्या रानटी भाऊबंदांबद्दल. त्यांच्या मुळांची पूड आणि पाल्याचे अर्क ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ म्हणून हल्ली ऑनलाइन विकले जातात. मुळात पानापेक्षा कितीतरी जास्त अँटिऑक्सिडंट असतात, असं कुठेतरी वाचलेलं असतं. मग सरळ मूळच का खाऊ नये, असं वाटणं स्वाभाविक आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. प्रयोगशाळेतल्या चाचणीत मूळ आणि बी बहुतेक वेळा पानाच्या पुढे जातात, हे खरं आहे. पण खाण्याजोगं आहे ते कोवळं पान, आणि तेही शिजवून, बेतानं.

आधी ओळख करून घेऊ. चुक्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव रुमेक्स. जगभरात तिच्या सुमारे २०० जाती आहेत. आपण पेरतो तो चुका म्हणजे रुमेक्स व्हेसिकारियस. पंजाब-हरियाणात गव्हाच्या पिकात तण म्हणून माजणारा, तिकडे जंगली पालक म्हणून ओळखला जाणारा रुमेक्स डेंटाटस आपल्याकडेही हिवाळ्यात पाणथळ जागी, कालव्याच्या कडेनं उगवतो. हिमालयात रुमेक्स नेपालेन्सिस आणि रुमेक्स हस्टाटस सर्रास दिसतात. हिमालयात ट्रेकला गेलेल्यांना खाजरं बिच्छू गवत लागल्यावर वाटाड्यानं जे रुंद पान चोळायला दिलेलं असतं, ते बहुधा यांतलंच. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या परसात उगवतात ते रुमेक्स क्रिस्पस आणि रुमेक्स ऑब्ट्युसिफोलियस. पहिल्याच्या पानाची कड कुरळी असते, दुसऱ्याचं पान चांगलं तळहाताएवढं रुंद असतं. पेरलेला चुका सोडून या सगळ्यांना या लेखापुरतं रानचुका म्हणू.

पान कितीही पालकासारखं दिसलं तरी नुसत्या पानावर विसंबू नका. खोडाच्या प्रत्येक पेराशी पाहा. जिथून देठ फुटतो तिथे खोडाला वेढून बसलेला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा दिसतो. कोवळ्या पेरावर तो पारदर्शक आणि किंचित बुळबुळीत असतो. जून पेरावर तपकिरी होऊन फाटतो. हा पडदा या कुळाची खूण आहे, मात्र जातीची नव्हे. जात ठरते ती फळावरून. रानचुक्याचं प्रत्येक फळ तीन पंखांच्या पाकळीवजा आवरणात असतं. डेंटाटसमध्ये या पंखांच्या कडेला बारीक दाते असतात, क्रिस्पसमध्ये कड जवळपास सपाट असते, आणि चुक्यात पंख फुगीर, गुलाबी, कागदासारखे असतात. म्हणजे फळ धरल्याशिवाय जात सांगता येत नाही आणि फळ धरेपर्यंत पान खाण्याजोगं राहिलेलं नसतं. म्हणून पहिल्या वर्षी फक्त झाड ओळखून ठेवावं आणि पुढच्या हंगामात त्याच जागी पान खुडावं.

आता एकेक अवयव घेऊ.

पानात मुख्यतः फ्लॅव्होनॉइड गटातली संयुगं असतात: क्वेर्सेटिन, केम्फेरॉल आणि साखरेच्या रेणूला जोडलेली त्यांची रूपं, उदाहरणार्थ रुटिन. त्यांच्या जोडीला क जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटिन आणि ल्युटिन. फ्लॅव्होनॉइडं वनस्पती स्वतःसाठी तयार करते. उन्हातली अतिनील किरणं ती पानाच्या वरच्या थरातच शोषून घेतात. म्हणून उघड्या उन्हात वाढलेल्या पानात ती सावलीतल्या पानापेक्षा जास्त सापडतात. एकाच झाडाच्या दोन पानांचे आकडे वेगळे येऊ शकतात ते यामुळेच. क जीवनसत्त्वाचं मात्र लक्षात ठेवा. ते पाण्यात विरघळतं, उष्णतेनं नासतं, आणि पान चिरून ठेवलं तरी कमी होत जातं. बीटा-कॅरोटिन आणि ल्युटिन तेलात विरघळतात. आपली फोडणी इथे नुसती चवीपुरती राहत नाही, तेलामुळे ही रंगद्रव्यं शरीरात शोषली जातात.

देठ आणि खोड लवकर उरकता येतील. बुंध्याशी दिसणारी लालसर झाक अँथोसायनिनची असते. बाकी खोडात तंतू जास्त आणि फिनॉल संयुगं, म्हणजे फ्लॅव्होनॉइडांसारखी अँटिऑक्सिडंटं, बहुधा सर्वांत कमी.

मुळाचं प्रकरण वेगळं आहे. रानचुक्याचं मूळ मुळ्यासारखं खोल जातं, बाहेरून तपकिरी असतं, आणि आडवं कापलं की आतून पिवळं निघतं. त्या पिवळेपणावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो लालसर होऊ लागतो. ही क्रिया अँथ्राक्विनोन नावाच्या संयुगांची आहे. इमोडिन, क्रायसोफॅनॉल आणि फिसिऑन ही त्यांतली नावं रुमेक्सच्या मुळांवरच्या शोधनिबंधांत पुन्हापुन्हा येतात. त्यांच्या सोबतीला नेपोडिन असतं, कॅटेचिन असतं आणि भरपूर टॅनिन असतं. चाचणीत मूळ अव्वल येतं त्यात टॅनिन आणि कॅटेचिनचा वाटा मोठा आहे.

पण अँथ्राक्विनोन म्हटलं की सोनामुखी आठवा, रेवाचिनी आठवा. दोन्ही रेचक औषधं, आणि त्यांचा गुण याच घराण्यातल्या संयुगांमुळे. म्हणजे ज्या मुळाला आपण अँटिऑक्सिडंट म्हणून हात घालतो, ते जुलाबाचं औषधही आहे. शिवाय त्यातलं टॅनिन तुरट आणि बद्धकोष्ठ करणारं. एकाच मुळात पोट साफ करणारा आणि पोट धरून ठेवणारा असे दोन्ही गुण असतात, आणि कुठला वरचढ ठरेल हे मात्रेवर अवलंबून असतं. पारंपरिक वैद्यकात हे मूळ वापरात आहे, ते जाणकाराच्या हातानं, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक दिवस. रोज सकाळी चमचाभर पूड कोमट पाण्यातून घेणं हा त्या परंपरेचा भाग नव्हे.

या मुळानं अंगात लोह वाढतं असाही एक दावा पाश्चात्त्य वनौषधींच्या पुस्तकांतून आपल्याकडे आला आहे. मुळात लोह असेलही. पण टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. जेवणाबरोबर चहा पिऊ नका असं डॉक्टर सांगतात ते याच कारणासाठी. रक्त कमी असलेल्या बाईला हे मूळ सुचवणं म्हणजे तिचं नुकसान करणं आहे, आणि अशा जाहिराती पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटतं.

बी आणि फळाचं आवरण यांत घट्ट टॅनिनं असतात. कॅटेचिन आणि एपिकॅटेचिनचे रेणू एकमेकांना जोडून ती बनतात. दाणा चावला की जीभ खरबरीत होते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरं यांच्यापासून दाणा वाचवायची ही वनस्पतीची सोय आहे. रानचुक्याचं बी मुळातच चिवट. १८७९ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं तणांच्या बिया वाळूत मिसळून बाटल्यांत भरल्या आणि त्या बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून बिया रुजवून पाहायच्या, असा तो प्रयोग. रुमेक्स क्रिस्पसचं बी ८० वर्षांनंतरही रुजलं. याचं श्रेय एकट्या टॅनिनला देता येणार नाही, पण इतका बंदोबस्त करून ठेवलेला दाणा आपल्या पोटात सहज पचेल अशी अपेक्षा धरू नये. युरोपात टंचाईच्या काळात हे बी दळून पिठात मिसळत. ती गरज होती, आवड नव्हे.

आता आकड्यांकडे वळू, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो.

अँटिऑक्सिडंट मोजायची सर्वांत प्रचलित चाचणी डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणावर होते. या द्रावणातले रेणू अस्थिर असतात आणि दुसऱ्याकडून हायड्रोजन ओढून घेतात. परीक्षानळीत त्यावर रानचुक्याच्या अर्काचे थेंब टाकले की जांभळा रंग फिका होत होत पिवळट होतो. किती अर्कानं रंग निम्म्यावर आला, तो आकडा आयसी-५० म्हणून लिहितात. हा आकडा जितका लहान, तितका अर्क जोरदार. मोठा आकडा पाहून तेच चांगलं समजणारे लेख मी छापून आलेले पाहिले आहेत, म्हणून हे ठासून सांगतो. दुसरी चाचणी एकूण फिनॉलची. तिचं फोलिन-सिओकाल्टो हे अभिकारक निळं होतं. पण ते फक्त फिनॉललाच निळं होतं असं नाही, क जीवनसत्त्वालाही होतं. त्यामुळे ताज्या पानाच्या अर्कात फिनॉलचा आकडा काहीसा फुगलेला येऊ शकतो.

शिवाय वजन कशाचं धरलं ते पाहा. समजा १०० ग्रॅम ताज्या पानात ९२ ग्रॅम पाणी आहे. वाळवल्यावर उरतो ८ ग्रॅम ऐवज. वाळल्या पुडीच्या एका ग्रॅममागे दिलेला आकडा कुणी ताज्या पानाच्या एका ग्रॅमला लावला, तर तो साडेबारा पट फुगतो. अर्क कशात काढला हेही पाहा. शोधनिबंधांत बहुतेक वेळा मिथेनॉल किंवा ॲसिटोन असतं, आपल्या पातेल्यात पाणी असतं. मिथेनॉलमध्ये जे उतरतं ते सगळं पाण्यात उतरतंच असं नाही. आणि शेवटी मात्रा पाहा. पालेभाजी आपण वाटीभर खातो, पूड चिमूटभर. ग्रॅमला ग्रॅम लावून केलेली तुलना ताटात टिकत नाही.

परीक्षानळीतून माणसाच्या रक्तापर्यंतची वाट तर आणखी लांब आहे. फ्लॅव्होनॉइडांचा थोडाच अंश आतड्यातून शोषला जातो, आणि यकृतात त्याचं रूप पालटतं. मोठ्या टॅनिन रेणूंचं शोषण तर फारच कमी. अमेरिकेच्या कृषी खात्यानं अनेक खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता सांगणारी एक मोठी सूची संकेतस्थळावर ठेवली होती. ती २०१२ साली काढून घेतली, कारण चाचणीतले आकडे आणि माणसाचं आरोग्य यांचा थेट संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिरातींत मात्र त्यांचा सर्रास वापर चालला होता. त्याआधी १९९४ साली फिनलंडमधल्या २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला होता. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी जास्त आढळला. पालेभाज्या खाणं चांगलं, याला या निकालांनी धक्का लागत नाही. पालेभाजीतलं एक संयुग बाजूला काढून त्याची मोठी मात्रा घेणं ही वेगळी गोष्ट आहे, एवढंच त्यातून कळतं.

पान तरी पूर्ण निर्धोक आहे का? नाही. रानचुक्याचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याच्या क्षारांचा, म्हणजे ऑक्झलेटचा, आहे. अल्मोडा शहराचं नाव तिथल्या आंबट रानचुक्यावरून पडलं असं तिकडे सांगतात. कटारमलच्या सूर्यमंदिरातली भांडी त्या पाल्यानं घासत, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, ऑक्झॅलिक आम्ल पितळ लखलखीत करतं हे खरं. हेच आम्ल रक्तात गेलं की कॅल्शियमला धरतं आणि मूत्रपिंडात त्याचे खडे बसतात. स्पेनमध्ये रानचुक्याच्या पानांचं सूप भरपूर प्यायल्यानं एका मधुमेही माणसाचा मृत्यू झाल्याची नोंद १९८९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. भुकेल्या मेंढ्या रानचुक्यात सोडल्यावर मेल्याच्याही नोंदी आहेत. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. मंडईतला चुका आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो आहोत, कारण तो अधूनमधून, थोडा, डाळीत शिजवून खातो. बेत असा हवा की हा शहाणपणा रानचुक्यालाही लागू होईल.

पान खुडायचं ते फुलांचा दांडा वर येण्यापूर्वी, मधल्या गाभ्यातलं कोवळं. धुऊन भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. पालेभाज्या उकळल्यानं पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट ३० ते ८७ टक्के कमी झाल्याचं एका अभ्यासात आढळलं आहे. वाफवून इतका फायदा होत नाही. उकळताना क जीवनसत्त्व आणि काही फ्लॅव्होनॉइडंही पाण्यात जातील. जाऊ द्या. क जीवनसत्त्व लिंबातून, पेरूतून, आवळ्यातून मिळतं, आणि मूत्रपिंड दुसरं मिळत नाही. नंतर डाळीत शिजवा, फोडणी द्या, आणि ताटात दही किंवा ताक ठेवा. दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि ते शरीराबाहेर जातं. पालक, चाकवत, माठ आणि अळू हेही ऑक्झलेटवालेच, म्हणून रानचुका त्यांच्यात मिसळू नका. मेथी चालेल, दुधी चालेल. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट भाजी शिजवू नका. आठवड्यातून एकदा, माणशी एक लहान वाटी पुरे.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी रानचुका टाळावा. मधुमेह बरीच वर्षं असेल तर आधी मूत्रपिंडांची तपासणी करून डॉक्टरांना विचारावं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर कुठलीही पालेभाजी एकदम वाढवू नये, कारण तिच्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या आड येतं. मुळाची पूड गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच मुलांनी अजिबात घेऊ नये.

झाड कुठून खुडता, याला तर फार महत्त्व आहे. गव्हाच्या शेतातला रानचुका घेऊ नका. रुंद पानांच्या तणांसाठी तिथे तणनाशक फवारलेलं असतं. सांडपाण्याचा नाला, कारखान्याचं आवार, हमरस्त्याची कड इथला तर नकोच, कारण रुमेक्सच्या काही जाती जमिनीतलं शिसं आणि जस्त ओढून घेतात. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ताण पडला की वनस्पती स्वतःच्या बचावासाठी फिनॉल संयुगं जास्त तयार करते. दुष्काळ, कीड, कडक ऊन हे जसे ताण, तसाच विषारी धातूंचाही. म्हणजे चाचणीत सर्वांत मोठा अँटिऑक्सिडंट आकडा देणारं झाड सर्वांत घाणेरड्या मातीतलंही असू शकतं.

महाविद्यालयातली मुलं हल्ली या विषयावर प्रकल्प करतात, त्यांच्यासाठी थोडं. नमुना फळासकट घ्या आणि नावाची खात्री करून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचा वनस्पतिसंग्रह आहे. नावच चुकलं तर पुढचं सगळं काम वाया जातं. पान, खोड, मूळ आणि बी एकाच जागेवरून घ्या. तिथली माती, ऊन आणि झाडाची अवस्था वहीत टिपून ठेवा. सगळे भाग सावलीत एकसारखे वाळवा, द्रावक सगळ्यांना एकच वापरा, तुलनेसाठी क जीवनसत्त्वाचं प्रमाणित द्रावण सोबत ठेवा, आणि प्रत्येक मोजणी तीनदा करा. मिथेनॉल विषारी आहे. त्यातला अर्क चाखणं तर सोडाच, बंद खोलीत त्याची वाफही घेऊ नका. शक्य असेल तर एक संच साध्या उकळत्या पाण्याचा करा. लोक जे खरोखर खातात त्याचं मोजमाप त्यातूनच मिळेल, आणि असे आकडे आपल्याला हवे आहेत.

विकत घेणाऱ्यांनी एवढं करावं: पुडीच्या पाकिटावर जातीचं पूर्ण शास्त्रीय नाव आणि वनस्पतीचा कुठला भाग वापरला ते लिहिलेलं नसेल, तर ती घेऊ नये. लिहिलेलं असेल आणि तो भाग मूळ असेल, तर वैद्याला विचारल्याशिवाय पाकीट फोडू नये. रोजच्या जेवणातल्या अँटिऑक्सिडंटची सोय करायला मंडईतली चुक्याची जुडी पुरेशी आहे.